दातांचा घसारा कोण मोजणार?

‘दात आंबणे’ हा मराठीतला फार जुना वाक्प्रयोग आहे. कैरीची फोड मिठाला लावून खाल्ली, चिंचेचे बुटूक चघळले किंवा हरभऱ्याच्या शेतातून जाताना कोवळा पाला तोंडात टाकला, की थोड्या वेळाने दात खरखरीत लागू लागतात आणि भाकरीचा तुकडाही चावणे नको वाटते. हरभऱ्याच्या पानांवर जी आंब असते ती मॅलिक व ऑक्झॅलिक अम्लांची. रात्री पिकावर धडपे पसरून शेतकरी ती गोळा करीत आणि पोटदुखीवर औषध म्हणून वापरीत. दातांवर अम्लाची क्रिया होते, हे आपल्या पूर्वजांनी प्रयोगशाळेवाचून ओळखले होते. तिला त्यांनी नाव दिले, आणि संध्याकाळपर्यंत दात पूर्ववत होतात हे पाहून ते निश्चिंत राहिले. ही निश्चिंती तेव्हा बरीचशी रास्त होती. आज ती रास्त राहिलेली नाही, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

दंतवैद्यकाच्या या प्रश्नात अर्थशास्त्राच्या अध्यापकाने का पडावे, असे कोणी विचारील. त्याला दोन कारणे आहेत. एक माझ्या स्वतःच्या तोंडातले आहे, दुसरे माझ्या वर्गातले.

गेली दहाबारा वर्षे मी रोज सकाळी कोमट पाण्यात एक लिंबू पिळून पीत असे. त्याने वजन आटोक्यात राहते, असे सहकाऱ्यांकडून ऐकले होते. हे पाणी वर्तमानपत्र वाचीत घोटघोट घ्यावयाचे आणि पेला खाली ठेवला की लगेच दात घासावयाचे, असा माझा क्रम होता. गेल्या वर्षी थंड पाण्याने कळ येऊ लागली तेव्हा दात किडला असेल असे समजून मी दंतवैद्यांकडे गेलो. त्यांनी हातात आरसा दिला. एकही दात किडलेला नव्हता. परंतु समोरच्या दातांची चकाकी गेली होती, त्यांच्या कडा काचेसारख्या पारदर्शक झाल्या होत्या, आणि दाढांच्या माथ्यावर वाटीच्या आकाराचे बारीक खळगे पडले होते. “ही कीड नाही, झीज आहे,” ते म्हणाले, “आणि जे गेले ते परत येणार नाही.”

माझे वय पन्नाशीकडे झुकले आहे. माझ्या बाबतीत ही गोष्ट सोडून देता येईल. दुसरे कारण तसे नाही. द्वितीय वर्षाच्या वर्गातला एक विद्यार्थी रात्री एका गोदामात माल लावण्याचे काम करतो आणि सकाळी सात वीसच्या तासाला येऊन बसतो. जागे राहण्यासाठी तो एनर्जी ड्रिंकची वीस रुपयांची बाटली घेतो. ती तो एका दमात पीत नाही. थोडीथोडी करून रात्रभर पुरवतो आणि उरलेली वर्गात घेऊन येतो. पैशाची किंमत जाणणारा मुलगा आहे, काटकसर करतो. मध्यंतरी तो दोन दिवस आला नाही. आला तेव्हा बोलताना तोंडावर हात धरत होता. विसाव्या वर्षी त्याच्या समोरच्या दातांची स्थिती माझ्यापेक्षा वाईट होती, आणि उपचाराचा अंदाजे खर्च त्याच्या दोन महिन्यांच्या मजुरीइतका सांगितला गेला होता. त्याने मला विचारले, “सर, बिनसाखरेची घेतली असती तर दात वाचले असते का?” उत्तर ‘नाही’ असे होते. परंतु ते त्याला आजवर कोणीच सांगितलेले नव्हते. बाटलीवर ते लिहिलेले नव्हते, जाहिरातीत नव्हते, शाळेत कोणी बोलले नव्हते, आणि दोन वर्षे त्याच्यासमोर उभा राहून ‘ग्राहकाची सार्वभौमता’ शिकविणाऱ्या माझ्याकडूनही ते त्याला कळले नव्हते.

मुद्दल, जे वाढत नाही

दाताचे सर्वांत बाहेरचे आवरण म्हणजे दंतवल्क. दंतवैद्य त्याला एनॅमल म्हणतात. मानवी शरीरातील हा सर्वांत कठीण पदार्थ. वजनाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजाचा, मुख्यतः कॅल्शियम व फॉस्फेट यांच्या स्फटिकांचा असतो. हाडापेक्षाही तो कठीण आहे, परंतु हाडाजवळ असलेली एक गोष्ट त्याच्याजवळ नाही. मोडलेले हाड सांधते, कारण हाडात जिवंत पेशी असतात. दंतवल्क घडविणाऱ्या पेशी मात्र दात हिरडीतून वर येतो तेव्हाच संपून जातात. दुधाचे दात पडल्यानंतर जे कायमचे दात येतात, त्यांवरील दंतवल्काचा साठा आयुष्यात एकदाच मिळतो. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात दगडी कोळसा व खनिज तेल यांना आपण ‘पुनर्निर्मिती न होणारी साधनसंपत्ती’ म्हणतो. त्याच यादीत दंतवल्काचेही नाव घालावयास हरकत नाही. हे असे मुद्दल आहे की ज्यावर व्याज मिळत नाही आणि ज्यात भरही घालता येत नाही. ते फक्त जपून वापरता येते.

हे मुद्दल दोन मार्गांनी जाते. पहिला मार्ग सर्वपरिचित आहे. तोंडातील जिवाणू साखर खातात, अम्ल तयार करतात, आणि त्या अम्लाने दातात खड्डा पडतो. हीच कीड. दुसऱ्या मार्गात जिवाणूंची गरजच नसते. अन्नातले किंवा पेयातले अम्ल थेट दातावर येते आणि खनिजाचा थर विरघळवते. कीड एका जागी खोल जाते. झीज संपूर्ण पृष्ठभागावरून पातळ थराने उतरते. म्हणूनच ती लवकर ध्यानात येत नाही. दात दुखत नाही, काळा पडत नाही. दंतवल्क पातळ होऊन आतले पिवळसर दंतिन दिसू लागेपर्यंत बरेच काही गमावलेले असते.

शेतकऱ्यांना आणि शाळेतील विज्ञानशिक्षकांना ‘सामू’ हा शब्द परिचयाचा आहे. शुद्ध पाण्याचा सामू ७. तो जितका खाली, तितकी अम्लता अधिक. आणि प्रत्येक अंकाला ती दसपट होते. सामू सुमारे ५.५ च्या खाली गेला की दंतवल्क विरघळू लागते, असे सामान्यतः मानले जाते. आता नेहमीच्या वस्तू पाहू. दुधाचा सामू साडेसहाच्या पुढे असतो. संत्र्याच्या रसाचा साडेतीन ते चार, एनर्जी ड्रिंक व खेळाडूंसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या पेयांचा साधारण तीन ते साडेतीन, कोलाचा अडीचच्या आसपास आणि लिंबाच्या रसाचा दोन ते अडीच. म्हणजे कोला त्या मर्यादेपेक्षा सुमारे हजारपट अम्लयुक्त असतो. जिभेला हे कळत नाही, कारण दर शंभर मिलिलिटरला दहा-अकरा ग्रॅम साखर घालून आंबटपणा झाकलेला असतो. बिनसाखरेच्या प्रकारात हेच झाकण कृत्रिम गोडीचे असते. झाकण बदलले तरी आतले अम्ल जवळजवळ तेच राहते.

तथापि सामू हा एकच आकडा सर्वस्व नव्हे. दह्याचा सामू चार ते साडेचार असूनही दही दात झिजवीत नाही, कारण त्यात कॅल्शियम व फॉस्फेट भरपूर असते. दातातून ते ओढून घेण्याचे त्याला कारण उरत नाही. जेवणानंतर ताक पिणाऱ्यांनी घाबरण्याचे काहीच कारण नाही. तसेच साध्या सोड्यातील बुडबुडेही फारसे दोषी नाहीत. दोष मुख्यतः मुद्दाम घातलेल्या फॉस्फोरिक व सायट्रिक अम्लांचा आहे.

‘कोलाच्या बाटलीत दात ठेवला तर रात्रीतून नाहीसा होतो’, ही आख्यायिका खरी नाही. परंतु तिच्यामागे खऱ्या संशोधनाचा धागा आहे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे पोषणशास्त्रज्ञ क्लाइव्ह मॅके यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नौदलासाठी काम करताना या पेयांच्या अम्लतेकडे लक्ष दिले. अम्लयुक्त पेयांनी दाढा कशा झिजतात याविषयीचे त्यांचे संशोधन १९४९ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि १९५० मध्ये त्यांनी अमेरिकी काँग्रेसच्या समितीसमोर त्याविषयी साक्ष दिली. म्हणजे ही माहिती पाऊणशे वर्षांची जुनी आहे. ती ग्राहकापर्यंत पोहोचली नाही, एवढेच.

घोट आणि वेळ

बाटली आणि तोंड यांत एक मोठा फरक आहे, तो म्हणजे लाळ. लाळ अम्ल पातळ करते, त्याला उदासीन करते, आणि मऊ पडलेल्या थरात कॅल्शियम-फॉस्फेट पुन्हा बसवून तो बराचसा कठीण करते. संध्याकाळपर्यंत आंबलेले दात पूर्ववत होतात ते तिच्यामुळे. परंतु लाळेला यासाठी वेळ लागतो, आणि ती मऊ झालेला थर सावरू शकते. घासून निघून गेलेला थर नव्हे. या एका नियमातून सर्व व्यवहार समजून घेता येतो. पेलाभर सरबत जेवणाबरोबर दोन मिनिटांत प्यायले तर लाळ ते सावरून घेते. तेच सरबत दोन तास घोटघोट घेतले तर प्रत्येक घोटाला घड्याळ पुन्हा शून्यावर येते. झोपेत लाळ फार कमी सुटते. म्हणून निजण्यापूर्वी घेतलेले आंबट पेय सर्वांत वाईट. आंबट घेतल्यावर लगेच दात घासले, तर मऊ पडलेला थर आपण स्वतःच खरवडून काढतो. माझे सकाळचे लिंबूपाणी आणि त्यानंतरचा ब्रश यांनी हेच केले. माझ्या विद्यार्थ्याची काटकसरही त्याला अशीच महागात पडली. बाटली एकदम प्यायली असती तर नुकसान कमी झाले असते. ती पुरवून वापरल्याने वाढले.

येथे बाजाराचा इतिहास ध्यानात घ्यावा लागतो. १९७७ मध्ये जनता सरकारच्या काळात कोका-कोलाने भारत सोडला तेव्हा शीतपेय ही काचेच्या बाटलीतून दुकानाच्या पायरीवर उभे राहून पिण्याची वस्तू होती. बाटली परत द्यावयाची असे, तेव्हा पाच मिनिटांत ती रिकामी करणे भाग होते. शिवाय ती चैन होती. पाहुणा आला तर, लग्नकार्य असेल तर, परीक्षा संपली तर. १९९० मध्ये पेप्सी आली, १९९३ मध्ये कोका-कोला परतली. २००३ मध्ये दोनशे मिलिलिटरची बाटली पाच रुपयांना मिळू लागली आणि हे पेय तालुक्याच्या गावी पोहोचले. पुढे काचेची जागा प्लॅस्टिकने घेतली आणि बाटलीला फिरकीचे झाकण आले. २०२३ मध्ये कॅम्पा हे जुने नाव नव्या मालकीखाली दहा रुपयांच्या बाटलीने बाजारात परतले, आणि किमतीची चढाओढ नव्याने सुरू झाली. किंमत उतरली की मागणी वाढते, हे आपण शिकवतोच. परंतु त्या झाकणाने जे केले ते कोणत्याही मागणीवक्रात दिसत नाही. त्याने पिण्याची रीत बदलली. जे पाच मिनिटांत संपत असे ते दप्तरात, टेबलावर, लोकलच्या डब्यात, उशाशी दिवसभर राहू लागले.

साखर मोजली, अम्ल विसरले

या पेयांविरुद्ध जगात जी धोरणे आखली गेली ती जवळजवळ सर्व साखरेला धरून आहेत. मेक्सिकोने २०१४ पासून साखरयुक्त पेयांवर लिटरमागे एक पेसो कर बसविला. ब्रिटनने एप्रिल २०१८ पासून साखरेच्या प्रमाणानुसार चढता कर लावला. स्थूलता व मधुमेह यांच्या दृष्टीने हे योग्यच होते, आणि त्याचा परिणामही झाला. ब्रिटनमधील उत्पादकांनी कर वाचविण्यासाठी साखर कमी केली. परंतु जे मोजले जाते तेच सुधारते. अम्ल कोणी मोजले नाही, म्हणून अम्ल जेथल्या तेथे राहिले. ‘बिनसाखरेचे’ हे शब्द मात्र ‘निरुपद्रवी’ या अर्थाने वाचले जाऊ लागले.

आपल्याकडे २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा गोड वायुयुक्त पेयांवर २८ टक्के कर आणि १२ टक्के उपकर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या फेररचनेत हा दर एकत्रित ४० टक्के झाला. त्याच फेररचनेत टूथपेस्ट व टूथब्रश १८ वरून ५ टक्क्यांवर आले, ही स्वागतार्ह गोष्ट. परंतु वायू न मिसळलेली फळांच्या रसाची व गराची पेयेही १२ वरून ५ टक्क्यांवर आली. करशास्त्राला बुडबुडा दिसतो. खोक्यातल्या आंब्याच्या पेयाचा सामूही सहसा चारच्या खाली असतो, आणि त्यातही सायट्रिक अम्ल घातलेले असते, हे त्याला दिसत नाही. शेतकऱ्याच्या फळाला उठाव मिळावा हा हेतू मान्य केला तरी, आईने मुलाच्या डब्याबरोबर ‘फळांचेच आहे’ म्हणून दिलेले ते पेय दातांना कसे लागते, हा प्रश्न उरतोच.

वेष्टनाकडे पाहिले तर स्थिती अधिक विचित्र आहे. कोलाच्या बाटलीवर घटकांच्या यादीत ‘आम्लता नियामक (३३८)’ असे बारीक अक्षरांत छापलेले असते. ३३८ म्हणजे फॉस्फोरिक अम्ल. लिंबाच्या चवीच्या पेयावर ३३० असते. ते सायट्रिक अम्ल. नियामक म्हणजे आवर घालणारा. सामान्य वाचक या शब्दांचा अर्थ काय घेईल? पेयातील आम्लता आटोक्यात ठेवणारा काही सोज्वळ पदार्थ यात आहे, असाच. येथे तर तो पदार्थ स्वतःच अम्ल आहे! कायद्याच्या परिभाषेत यात चूक काही नाही. आम्लता वाढविणारे आणि घटविणारे दोन्ही पदार्थ या एकाच नावाखाली येतात. परंतु जी परिभाषा ग्राहकाला उलटा अर्थ सांगते, ती ग्राहकासाठी लिहिलेली नाही हे उघड आहे.

२०२० मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने शाळांच्या आवारात व फाटकापासून पन्नास मीटरच्या आत चरबी, मीठ व साखर अधिक असलेल्या पदार्थांच्या विक्रीला मनाई करणारे नियम केले. २०२२ मध्ये वेष्टनाच्या दर्शनी भागावर तारांकित मानांकन देण्याचा मसुदा प्रसिद्ध झाला. त्यात ऊर्जा, संपृक्त चरबी, साखर व सोडियम यांचा हिशेब धरला होता. दोन्हीकडे अम्लतेचा रकाना नाही. एनर्जी ड्रिंकच्या बाटलीवर कॅफीनविषयी इशारा असतो, तो कायद्याने द्यावाच लागतो. ज्याने माझ्या विद्यार्थ्याचे दात गेले त्याविषयी एक शब्द नाही.

कोणाच्या वहीत?

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना ‘घसारा’ समजावून सांगावा लागत नाही. यंत्र वापरले की झिजते. ती झीज दरवर्षी खर्चात धरावयाची, नाही तर नफा खोटा ठरतो. शीतपेयाचा कारखानदार बाटल्या भरण्याच्या यंत्राचा घसारा काटेकोरपणे लिहितो, आणि तो किमतीतून वसूलही होतो. त्याच मालाने ग्राहकाच्या तोंडात जो घसारा होतो, तो मात्र कोणाच्याच वहीत नाही. उत्पादकाच्या नाही, सरकारच्या नाही, आणि माहिती नसल्यामुळे ग्राहकाच्याही नाही. बहुतेक आरोग्यविमा पॉलिसी अपघात वगळता दातांच्या उपचारांचा खर्च देत नाहीत. मग हे बिल शेवटी ज्याच्या त्याच्या खिशातून, तेही एकदम, वसूल होते.

केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी १९२० च्या आपल्या ‘कल्याणाचे अर्थशास्त्र’ या ग्रंथात दाखवून दिले की, सौद्याचा काही भार सौद्याबाहेरच्या तिऱ्हाइतावर पडत असेल तर बाजारातली किंमत खरी किंमत नसते. कारखान्याच्या धुराने शेजाऱ्याचे कपडे काळे होतात, तसे. आपल्या प्रश्नात तो तिऱ्हाईत म्हणजे खुद्द ग्राहकच आहे, फक्त वीस वर्षांनंतरचा. विशीतला मुलगा बाटली विकत घेतो आणि चाळिशीतला माणूस तिचे पैसे भरतो; आणि त्या चाळिशीतल्या माणसाला दुकानाच्या गल्ल्यासमोर उभे राहून घासाघीस करण्याची सोय नसते. बॅटरीच्या कारखान्यात गंधकाम्लाच्या वाफांनी कामगारांचे पुढचे दात झिजतात, हे दंतवैद्यकाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. तेथे निदान बोट दाखविण्यासाठी मालक असतो, वाफ बाहेर काढणारा पंखा मागता येतो. दहा रुपयांच्या बाटलीत अम्ल आपण आपल्याच हाताने तोंडाला लावतो, म्हणून दोषही आपल्याच माथी येतो.

यावर तीन आक्षेप येतील. पहिला असा की, आपले आजोबा कैऱ्या, चिंचा, कोकम, पन्हे यांवरच वाढले. त्यांना काय झाले? एक तर त्यांचेही दात झिजत, आणि मिश्री व कोळशाची पूड त्या झिजेला हातभार लावीत. परंतु मुख्य उत्तर वेगळे आहे. कैरीला हंगाम होता, पन्ह्याला चैत्र होता, सोलकढीला जेवणाचे पान होते. आंबटाला वेळ ठरलेली होती आणि दोन वेळांच्या मध्ये लाळेला तिचे काम करावयास अवकाश होता. नव्या बाजाराने आंबट आणले नाही; आंबटाची वेळ मोडली.

दुसरा आक्षेप स्वातंत्र्याचा. ज्याला प्यावयाचे त्याने प्यावे, सरकारने कशाला मध्ये पडावे? मला हा आक्षेप मान्य आहे, आणि म्हणूनच मी बंदी मागत नाही. परंतु निवडीचे स्वातंत्र्य माहितीशिवाय पुरे होत नाही. ज्याला ३३८ चा अर्थ ठाऊक नाही त्याने ‘निवड’ केली असे म्हणणे ही थट्टा आहे.

तिसरा आक्षेप रस्त्यावरच्या लिंबू-सोडावाल्याचा. त्याच्या पेल्यातही अम्ल आहे. त्याच्यावर कर बसवणार काय? मुळीच नाही. अम्लतेवर कर बसविण्याच्या मी विरुद्ध आहे. तो सर्वांत आधी हातगाडीवाल्यालाच लागेल, आणि त्याच्याकडचा पेला तर उभ्याउभ्या पिऊन परत द्यावयाचा असतो.

मागणी माफक आहे. पहिली म्हणजे, बंद बाटलीतून वा खोक्यातून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक पेयावर त्याचा सामू आकड्यात छापावा, आणि तो चारच्या खाली असेल व पेयात कॅल्शियमचा पुरवठा नसेल तर ‘वारंवार घोटघोट घेतल्यास दात झिजतात’ एवढे एक वाक्य मराठीत, हिंदीत, ज्या त्या भाषेत ठळक असावे. ‘आम्लता नियामक’ याऐवजी सरळ ‘फॉस्फोरिक अम्ल’, ‘सायट्रिक अम्ल’ असे लिहावे. आकडा छापावा लागला की उत्पादकांत स्पर्धा सुरू होईल. कॅल्शियम मिसळून पेयाची दात झिजविण्याची शक्ती कमी करता येते, हे संशोधनाने दाखवून दिलेले आहे, आणि ब्रिटनमध्ये गेल्या शतकाच्या अखेरीस असे फळपेय विक्रीसही आले होते. दुसरी मागणी, शाळेपुरता असलेला विचार महाविद्यालयाच्या उपाहारगृहापर्यंत यावा. तेथे पिण्याच्या गार पाण्याची सोय शीतपेयाच्या कपाटाइतकीच दर्शनी असावी, आणि ताक पाच पावलांवर मिळावे. तिसरी, मोजणीची. ब्रिटनने मुलांच्या दातांच्या आपल्या दशवार्षिक राष्ट्रीय पाहणीत १९९३ मध्ये प्रथमच या झिजेची नोंद घेतली. आपल्याकडे प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांची वैद्यकीय तपासणी होतच असते. उंची, वजन आणि छातीचे माप घेताना दोन मिनिटे तोंड उघडून पाहिले आणि झिजेची नोंद केली, तर आपल्यापाशीही काही वर्षांत मोजमाप जमा होईल.

हे होईपर्यंत प्रत्येकाने आपली वही आपणच ठेवावयाची आहे. आंबट घ्यावयाचे तर जेवणाबरोबर, एका बैठकीत घ्यावे, पुरवून नव्हे. नंतर साध्या पाण्याने खळखळून चूळ भरावी आणि ब्रशला निदान अर्धा तास हात लावू नये. ब्रश मऊ असावा, पेस्ट फ्लोराइडची असावी. निजताना पाण्याखेरीज काही नको. ज्यांना वारंवार आंबट ढेकर येतात, त्यांनी पित्त म्हणून ते अंगावर काढू नये. जठरातले अम्ल लिंबापेक्षाही तीव्र असते आणि तेही दातांपर्यंत पोहोचते. मी स्वतः लिंबू सोडलेले नाही. ते आता दुपारच्या वरणभातावर पिळतो.

माझ्या विद्यार्थ्याने बाटली सोडली. रात्रीचे काम सोडणे त्याला परवडत नाही. उपचारासाठी तो पैसे साठवतो आहे. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण आपल्याकडे म्हाताऱ्यांसाठी होती. घरात पहिल्यांदाच महिन्याच्या महिन्याला पगार आणणारा वीस वर्षांचा मुलगा तिच्यात बसावा, हे आपल्याला चालणार आहे काय? बाटलीवर एक आकडा आणि एक वाक्य छापावयास कोणालाही फारसा खर्च येत नाही. न छापल्याचा खर्च मात्र तो मुलगा भरतो आहे.